दहा पायल्यांवर लाभ

“कागदं शिजवून खाऊ घालते का गा तुह्यी बायको आमाले?”

माणिकबाईंनी सकाळी सकाळी सहदेवाला विचारलं. सहदेव विहिरीवर मोट जुंपत होता. आईच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसलं की तो बैलांशी बोलायला लागे. तसाच आताही लागला.

बायको म्हणजे शकुन. माहेर अकोल्याचं. चार यत्ता शिकलेली, रंगानं उजळ, कामाला वाघीण. त्याबद्दल माणिकबाईंचं काहीच म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते कागदांबद्दल. चहाच्या पुड्यातून मोराच्या चित्राची चिठ्ठी निघाली की शकुन ती टाकत नसे, पत्र्याच्या डबीत ठेवी. गोड्या तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची सोडून घासूनपुसून कोठीत उपडा घाली. कधीतरी यांवर काही मिळेल, आणि घरच्या चिठ्ठ्या थोड्याच, म्हणून परवा ती शेजारच्या दुर्गाबाईकडे गेली आणि तिच्या पुड्यांतल्या चिठ्ठ्या मागून घेऊन आली. हे मात्र माणिकबाईंना फार लागलं. अमरावतीला राजापेठेच्या पुढं, बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांचा मळा. रोज पहाटे त्यांच्या दारातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या टोपल्या भरभरून बाजारात जायच्या, झेंडूची फुलं जायची, माघापासून चैत्रापर्यंत संत्री जायची. अशा घरातली सून लोकांच्या दारी जाऊन केर मागते, म्हणजे काय?

“दुर्गाबाईनं हसून देल्ल्या असतीन,” त्या म्हणाल्या. “अन् तू गेल्यावर दार लावून अजून हासली असन.”

“हासू द्या ना, आत्याबाई,” शकुन म्हणाली. “हासाले काय पैसे पडते?”

उलटं बोलणं नव्हतं ते, पण सरळही नव्हतं. माणिकबाईंनी ते मनात बांधून ठेवलं.

माणिकबाईंची बाजाराची रीत निराळी. त्या वाण्याच्या ओट्यावर जाऊन बसत. वाण्यानं भाव सांगितला की आधी हसत. मग त्याच्या बापाची आठवण काढत, तो किती सज्जन होता, त्याचं माप कसं सांडायचं, आणि पोटी हे असं कसं निघालं. मग उठून चालायला लागत. वाणी हाक मारी, त्या न ऐकल्यासारखं करत, तो ओट्यावरून खाली उतरे. शेवटी भाव थोडा खाली येई आणि तागडीत वरून एक मूठ पडे. त्या मुठीपायी अर्धा दिवस गेला तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. घरी येऊन ती मूठ त्या वेगळी काढून सगळ्यांना दाखवीत. लग्न होऊन आल्यापासून शकुन ती मूठ पाहत आली होती. स्वतः मात्र ती बाजारात कधी गेली नव्हती. जिरं संपलं तर सासूला सांगायचं, मीठ संपलं तर सासूला सांगायचं, आणि “इतक्यात कसं संपलं?” हे ऐकून घ्यायचं. दोन लेकरांची आई झाली तरी हेच.

चैत्र सरता सरता शकुनचे वडील जानराव लेकीला भेटायला अकोल्याहून आले. येताना त्यांनी वाळल्या मिरच्या आणल्या. मिरच्या डब्यात गेल्या आणि पुडीचा कागद शकुनच्या हातात राहिला. छापील कागद होता. तिनं तो दारात उभं राहून वाचला, परत वाचला आणि संध्याकाळी सासूपुढं धरला.

“आत्याबाई, यंदाची बेगमी अकोल्याहून आनू.”

“काहून? अमरावतीचे वाणी मेले काय?”

“तिथं नवं दुकान निंगालं हाय, केशवरावांचं. आइका ना. गव्हाच्या दहा पायल्यांवर एक पायली लाभ. तेलाचे रिकामे डबे वापस आनले तं नव्या तेलावर सूट. अन् मोराच्या चिठ्ठ्यांवर गूळ.”

“कागदावर गूळ?” माणिकबाई म्हणाल्या. “कोन्या येड्यानं काढलं हे दुकान? अन् गाडीभाडं कोन देते, तुहा बाप?”

जानराव ओसरीवर चहा पीत होते. त्यांनी बशीत तोंड घातलं.

“भाडं लागतच नाई,” शकुन म्हणाली. “सोमवारी आपली संत्री घेऊन मोटार अकोल्यालेच चालली. जान्यायेन्याचं भाडं ठरलं हाय, येताना रिकामीच येते ते. पोते तिच्यातच टाकू.”

माणिकबाईंनी बोटांवर भाडं मोजून पाहिलं. रिकाम्या मोटारीचं भाडं भरायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

“पुरं वाच,” त्या म्हणाल्या. “बारीक अक्षरात काईतरी असनच. वाणी सगळं मोठ्या अक्षरात लिवत नसते.”

बारीक अक्षरात होतंच. एका गिऱ्हाइकास एकच सवलत मिळेल.

“पाय! मी काय म्हनलं?”

“आपन तिघं हाओ ना,” शकुन शांतपणे म्हणाली. “डबे हे घेऊन जातीन. मी गहू घेतो. अन् तुमी चिठ्ठ्या घेऊन जा.”

उंबऱ्यात बसलेल्या सहदेवाला हसू आलं. आईनं पाहिलं तसं ते त्यानं खोकल्यात घातलं.

“मी? मी कागदं धरून वाण्याच्या दारात उभी राहू?”

“वाण्याच्या दारात तं तुमी दर सालीच बसता, आत्याबाई.”

जानरावांच्या घशात चहा अडकला. माणिकबाईंनी व्याह्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मग सुनेकडे.

“बरं हाय. जाऊ. यंदाचा बाजार तुह्या मतानं. पन एका पायलीचीबी खोट आली, तं पुन्हा बाजाराचं नाव काढाचं नाई. जिरं मागाचं तं मले, मीठ मागाचं तं मले, मी मरेलोक.”

“अन् खोट नाई आली तं?”

शकुननं आजवर त्यांना असं उलट काही विचारलं नव्हतं. आज विचारलं, आणि विचारून ती तिथंच उभी राहिली.

“नाई आली तं पाहू,” माणिकबाई म्हणाल्या.

सोमवारी ऊन चढायच्या आत मोटार अकोल्याला पोचली. संत्री उतरली, त्यांचा सौदा सहदेवानं उरकला आणि तिघं केशवरावांच्या दुकानी आली. दुकान नवं करकरीत, भिंतींना चुना, फळीवर काचेच्या बरण्या. केशवराव स्वतः काळी टोपी घालून गादीवर बसलेले. चार सालं मुंबईच्या मोठ्या दुकानात राहून आले होते. प्रत्येक पोत्यात एक काडी खोवलेली आणि काडीला भावाची चिठ्ठी.

“गूळ काय भाव?” माणिकबाईंनी सवयीनं विचारलं.

केशवरावांनी बोटानं चिठ्ठी दाखवली.

“ते मले वाचता येत नाई. तोंडानं सांगा.”

त्यांनी सांगितलं.

“अन् खरा घ्याचा भाव?”

“तोच, आजी. इथं एकच भाव.”

“मंग भांडाचं कोनाशी? त्या काडीशी?”

दुकानातली माणसं हसली. केशवरावही हसले, पण भाव हलला नाही. माणिकबाईंनी पदराआडून मोराच्या चिठ्ठ्या काढल्या आणि दुसऱ्या कोणाच्या असाव्यात तशा गादीवर ठेवल्या. केशवरावांनी त्या मोजल्या, खिळ्याला टोचल्या आणि माणसाला सांगून एक गुळाची ढेप त्यांच्यापुढं ठेवली. एवढंच. हुज्जत नाही, बापाची आठवण नाही, उठून जाणं नाही. माणिकबाईंनी ढेपेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. गूळ पिवळाधमक होता, चांगला होता.

“मातकट हाय जरासा,” त्या म्हणाल्या, आणि ढेप उचलून कडेला ठेवली.

सहदेवाचं डब्यांचं कामही असंच बिनबोभाट झालं. सूट मिळाली, तेल मिळालं. माणिकबाई मागच्या पडवीच्या दाराशी तुरीच्या पोत्यावर जाऊन बसल्या. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. न भांडता मिळालेली वस्तू त्यांना अर्धीच मिळाल्यासारखी वाटे, आणि आज तर सगळंच तसं मिळत होतं.

राहिला गहू. गव्हाची रास दुकानाच्या मागच्या पडवीत होती आणि राशीपाशी पुंजाराम बसला होता. म्हातारा मापारी, पांढऱ्या मिशा, पंचानं डोकं बांधलेलं. शकुननं पोत्याचं तोंड धरलं. पुंजारामनं पायली कपाळाला लावली, राशीत घातली, हातानं काठोकाठ सारखी केली आणि पोत्यात ओतली.

“लाब... लाब... लाब...” तो दुसरी पायली भरेपर्यंत म्हणत राहिला. मग “दोन... दोन... दोन...”, मग तीन.

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की रास एकावरच अडते, बरकत जाते. म्हणून पहिलं माप लाभ, त्यापुढचं दोन. हे तिथं कोणाला सांगावं लागत नव्हतं. माणिकबाईंनी तर घरातल्या पोरांना राशीपुढं एक म्हटल्याबद्दल चापट्या मारल्या होत्या.

दहा म्हणून झालं, दहावी पायली ओतली, आणि पुंजारामनं पायली उपडी ठेवली.

“मामा, आता लाबाची टाका,” शकुन म्हणाली.

“देल्ली ना, बाई.”

“कवा?”

“पयलीच लाबाची टाकली. मोठ्यानं म्हनलो. तू आइकलं नाई काय?”

तो खोटं बोलत नव्हता. डोळ्यांत पाहूनच कळत होतं. “शेटनं सांगतलं, पुंजाराम, दहावर हरेकाले लाब द्या,” तो म्हणाला. “मी म्हनलं, हे काय सांगाची गोष्ट हाय? मी तं जल्मभर देऊन राहिलो. आजलोक कोनाले लाबाबिगर धाडलं नाई मी.”

मागे पोती घेऊन उभी असलेली माणसं हसली. त्यांतली एक बाई म्हणाली, “हो वं, मलेबी परवा पयलीच लाबाची टाकली यायनं. म्या घेतली अन् गेली.”

गलका ऐकून केशवराव आत आले. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांच्या तोंडावर सगळं उमटलं. सवलत सुरू झाल्यापासून रोज फुकट गहू वाटला जात होता, तरी रास हिशेबाच्या बाहेर एक दाणा उतरत नव्हती, आणि केशवराव ते जागेच्या पायगुणावर घालत होते. त्यांचा चेहरा पडला. पण मागची रांग पाहून त्यांनी तो सावरला. आता कबूल केलं तर कालपरवाची सगळी गिऱ्हाइकं पोती घेऊन परत दारात येणार.

“बाई, मापाऱ्यानं लाभ म्हटलं, तुम्ही ऐकलं, तुमच्या पोत्यात पडलं,” ते म्हणाले. “कागदावर लाभ लिहिलंय, लाभ मिळाला. आता आणखी काय?”

माणिकबाई पोत्यावर बसून ऐकत होत्या. बरोबर एका पायलीची खोट. त्यांना काही करावं लागलं नव्हतं, काही म्हणावंही लागलं नव्हतं. वाण्यानंच करून दिलं होतं. शकुननं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोत्याचं तोंड हातात तसंच धरून ती म्हणाली,

“मामा, लाबाच्या मांगून तुमी काय म्हनलं?”

“दोन.”

“लाब फुकटचा असन तं एक कुठं गेला?”

पुंजारामनं दचकून राशीकडे पाहिलं.

“मी दहा पायल्या इकत घेऊन राहिली,” शकुन म्हणाली. “लाब पडला म्हनता, मान्य. तो फुकटचा. मंग दोनपासून दहालोक इकतच्या किती झाल्या?”

पुंजारामची बोटं हलली. रांगेतल्या दोघातिघांचीही हलली.

“नऊ,” पुंजाराम म्हणाला.

“मंग इकतची दहावी टाका. नाई तं लाब म्हनजेच एक असं म्हना, अन् मंग फुकटची टाका. कोनतीबी टाका. पायली तं टाकाचीच हाय.”

केशवरावांना ते पटलं होतं, म्हणून तर त्यांना घाम फुटला. ते सुनेला सोडून सासूकडे वळले.

“आजी, तुम्ही जुनं माणूस. तुम्हीच सांगा. भरल्या राशीपुढं ‘एक कुठं गेला’ असं विचारतात का? वैशाखाच्या तोंडी, नव्या दुकानात? माझी रास अडली तर? सुनेला जरा समजवा.”

सगळ्यांनी माणिकबाईंकडे पाहिलं. वाण्यानं बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं. ते विचारायचं नसतंच. आणि आता माणिकबाईंनी फक्त “शकुन, पोतं बांध” एवढं म्हणायचं होतं. रीतही राहिली असती, बाजारही त्यांच्याच हाती राहिला असता, आणि सून जन्मभर जिरं मागत राहिली असती. शकुन आता त्यांच्याकडे पाहत होती. विनवणी नव्हती त्या पाहण्यात. नुसती वाट पाहत होती.

माणिकबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. राशीपाशी गेल्या, दोन दाणे उचलून दाताखाली फोडले आणि चघळत राहिल्या. घाई त्यांना कधीच नसे.

“केशवराव, राशीपुढं ते म्हनू नाई. बरोबर हाय,” त्या म्हणाल्या. “माह्या सुनेचं चुकलं. घरी गेल्यावर तिले मी पाहून घेईन. ते आमच्या घरातलं हाय.”

केशवराव हसायला लागले.

“हासू नका. तुमचं अजून राह्यलं हाय. लाब काय तुह्या दुकानचा हाय काय गा? माह्यी सासू लाबच म्हने, तिची सासूबी लाबच म्हने. तवा तुह्यं दुकान नोतं अन् तुह्या बापाचंबी नोतं. लाब म्हनजे लक्षुमीले देल्लेला मान. तिचा मान तू कागदावर छापतो, त्या मानाचे आमच्याकडून पैसे घेतो, अन् वरून आमालेच म्हनतो, देल्ला! लक्षुमीले देल्लेलं तू आमाले कसं देल्लं? बोल ना. मुंबईले हेच शिकून आला काय?”

“आजी, मापाऱ्याचा घोटाळा...”

“मापाऱ्याले काहून बोलता? त्यानं जल्मभर जे केलं तेच केलं. घोटाळा तुह्या कागदाचा हाय. फुकट द्याचं तं फुकट लिवाचं होतं. लाजला काय फुकट लिवाले?” माणिकबाई पुंजारामकडे वळल्या. “भाऊ, घे ते पायली. भर. अन् हे मोजू नको. इकतचं ते मोजाचं, वरून देल्लेलं ते मोजत नसते. मुक्यानं टाक.”

पुंजारामनं शेटकडे पाहिलं. केशवरावांनी रांगेकडे पाहिलं. रांगेतलं एकही माणूस जायच्या बेतात नव्हतं. त्यांनी मान हलवली.

पुंजारामनं पायली भरली आणि तोंडातून अक्षर न काढता पोत्यात ओतली. गहू पडल्याचा तेवढा आवाज झाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. जन्मात पहिल्यांदाच त्यानं न बोलता माप टाकलं होतं, आणि रीत कुठंच मोडली नव्हती.

“मलेबी एक मुक्यानं टाका, मामा,” परवाची बाई मागून म्हणाली. “माह्यं पोतं घरी हाय, पदरात टाका.”

हसण्याचा एकच कल्लोळ झाला. केशवरावांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि तिच्या पदराकडे बोट दाखवून म्हणाले, “टाका बुवा. टाकाच आता.”

परतीच्या वाटेला माणिकबाई पुढं ड्रायव्हरजवळ बसल्या नाहीत. तिथं पेट्रोलचा वास येतो म्हणाल्या. त्या मागं पोत्यांवर बसल्या, शेजारी शकुन. दोन्ही बाजूंनी काळं रान नांगरून पडलेलं, कुठं कुठं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग. ऊन उतरत होतं. मूर्तिजापूरला मोटार तापली म्हणून ड्रायव्हरनं थांबवली आणि सहदेव बालटी घेऊन पाणी शोधायला गेला. इंजिन बंद झाल्यावर एकदम शांत झालं.

“आत्याबाई,” शकुन म्हणाली, “पायलीची खोट आली नाई.”

माणिकबाई लांब रस्त्याकडे पाहत होत्या.

“नाई आली.”

“तुमी म्हनलं होतं, पाहू.”

“म्हनलं होतं. पाहिलं.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सुनेकडे वळून बसल्या. “आता आइक, अन् मधात बोलू नको. राशीपुढं ते म्हनली, त्याचा येत्या शुक्कुरवारी उपास धर. सोडतो म्हनशीन तं सोडू देनार नाई मी. दुसरं, तुह्यं डोकं चालते, पन तोंड अर्ध्या वाटेत थकते. त्या वान्याले घाम फुटला होता, तवा अजून दोन सुनवाच्या होत्या, तं तू गप झाली. असं गप नाई व्हाचं. तिसरं, उद्यापासून बाजार तुहा. कागदं जमव, डबे जमव, कोनाच्याबी दारी जाऊन मागून आन, मी पुसनार नाई. जिरं कवा संपलं हेबी पुसनार नाई. पन वान्याशी भांडाची पाळी आली का मले हाक मार, मी असन तिथून येईन. हिसोब तुह्याकडे, भांडन माह्याकडे. तेवढं एक माह्यं मले राहू दे, शकुन. न भांडता वस्तू घेत बसली तं जीभ गंजून जाईन माह्यी.”